शिक्षिका बोलली तर? अमेरिकेतलं स्कूल बोर्ड, शिक्षकांची नोकरी आणि बोलण्याचा हक्क

8 जानेवारी 2018. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या अॅबव्हिल या छोट्या शहरात व्हर्मिलियन पॅरिशच्या (तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) स्कूल बोर्डाची बैठक चालू होती. विषय होता तिथल्या सगळ्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या प्रमुखांच्या नव्या कराराचा आणि त्यातल्या पगारवाढीचा. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारी एक शिक्षिका उठली. वर्गातली मुलांची संख्या वाढत चालली आहे, शिक्षकांना कित्येक वर्षांत वाढ मिळालेली नाही, मग यांना कशी मिळते, असं तिने विचारलं. तिला बाहेर जायला सांगण्यात आलं. ती बाहेर गेली आणि कॉरिडॉरमध्ये तिच्या हातात बेड्या पडल्या. कोणीतरी हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि दोन दिवसांत ते जगभर पोहोचलं. पुढे तिच्यावर गुन्हा चालवला गेला नाही.

तो व्हिडिओ पाहणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता: जिथे भाषणस्वातंत्र्याचा एवढा गाजावाजा होतो, तिथे शिक्षिकेला भर बैठकीत प्रश्न विचारायचाही हक्क नाही? हक्क आहे. पण तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे समजून घेतलं, तर बेड्यांइतकंच अस्वस्थ करणारं काहीतरी हाती लागतं.

## हे बोर्ड म्हणजे कोणतं बोर्ड?

आपल्याकडे 'बोर्ड' म्हटलं की दहावी-बारावीची परीक्षा घेणारं मंडळ डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतलं स्कूल बोर्ड ते नव्हे. तिथे सरकारी शाळा शालेय जिल्ह्यांमध्ये विभागलेल्या आहेत. असे साधारण 13,000 जिल्हे देशभर आहेत. प्रत्येक जिल्ह्याचा कारभार पाहणारी छोटी समिती म्हणजे स्कूल बोर्ड. बहुतेक ठिकाणी तिचे सदस्य गावातले लोक मत देऊन निवडतात. त्यात शिक्षणतज्ज्ञ असतीलच असं नाही; दुकानदार, वकील, निवृत्त अधिकारी, पालक असे कोणीही असू शकतात.

पैसा कुठे खर्च करायचा, कोणती शाळा बंद करायची, कोणाला नोकरीवर ठेवायचं, ग्रंथालयातल्या पुस्तकावर तक्रार आली तर काय करायचं, हे सगळं या समितीच्या हातात असतं. रोजचा कारभार पाहायला बोर्ड एक अधिकारी नेमतं, त्याला सुपरिंटेंडंट म्हणतात. इथून पुढे मी त्याला शाळाप्रमुख म्हणेन. म्हणजे शिक्षकाचा मालक बोर्ड, शिक्षकाच्या साहेबाचाही मालक बोर्ड. बोर्डाचा निर्णय चुकला किंवा बोर्डाने अधिकार चुकीचा वापरला, तर ते सगळ्यात आधी शिक्षकाच्या लक्षात येतं. आणि त्याने तोंड उघडलं, तर ज्याच्याविरुद्ध तो बोलला त्याच्याच हातात त्याची नोकरी असते.

## पूर्वी उत्तर सोपं होतं: गप्प बसा

मॅसॅच्युसेट्समध्ये एका पोलिसाला राजकारणात भाग घेतल्याबद्दल काढून टाकलं होतं. 1892 मध्ये त्या प्रकरणाचा निकाल देताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा: राजकारणावर बोलण्याचा घटनात्मक हक्क तुम्हाला असेल, पण पोलीस असण्याचा घटनात्मक हक्क तुम्हाला नाही. नोकरी ही मेहेरबानी आहे, अटी मान्य नसतील तर दार उघडं आहे. पुढची साठ-सत्तर वर्षं सरकारी नोकरांबद्दल, आणि त्यात शिक्षक आलेच, हाच विचार चालला. 1952 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा एक कायदा योग्य ठरवला. त्या कायद्याने 'घातक' ठरवलेल्या संघटनांचं सदस्यत्व एवढ्यावरून शिक्षकाची नोकरी जाऊ शकत होती. 1967 मध्ये त्याच न्यायालयाने तोच कायदा घटनाबाह्य ठरवला. वारं बदललं होतं.

## लॉकपोर्टचं पत्र

पुढच्याच वर्षी, 1968 मध्ये, ज्या निकालावर आजचा सगळा कायदा उभा आहे तो लागला. त्याची सुरुवात वर्तमानपत्रातल्या एका वाचकपत्राने झाली.

इलिनॉय राज्यातल्या लॉकपोर्टमध्ये बोर्डाने 1961 मध्ये नव्या शाळांसाठी कर्जरोखे काढायची परवानगी मतदारांकडे मागितली. पहिला प्रस्ताव पडला, दुसरा, 55 लाख डॉलर्सचा, मंजूर झाला आणि शाळा बांधल्या गेल्या. 1964 मध्ये बोर्डाने शिक्षणासाठी कर वाढवायचा प्रस्ताव दोनदा आणला. मतदारांनी तो दोन्ही वेळा फेटाळला. त्यानंतर मार्व्हिन पिकरिंग या शिक्षकाने स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. बोर्डाने आधीचा पैसा नीट वापरला नाही, अभ्यासापेक्षा खेळांवर जास्त खर्च केला, आणि बोर्डाच्या प्रस्तावाला विरोध करू नका म्हणून शाळाप्रमुखांनी शिक्षकांवर दबाव आणला, असं त्या पत्रात होतं. बोर्डाने त्यांना काढून टाकलं. कारण दिलं: पत्रातली विधानं खोटी आहेत आणि त्यांनी बोर्डाची बदनामी झाली.

पत्रातले काही आकडे खरोखर चुकीचे होते, हे न्यायालयानेही मान्य केलं. तरीही पिकरिंग जिंकले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी नोंदवलं की बोर्ड सोडून गावात कोणी त्या पत्राची फारशी दखलही घेतली नव्हती. शाळेचं कामकाज कुठेच अडलं नव्हतं. पिकरिंग यांनी जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं लिहिलं, असंही सिद्ध झालं नव्हतं.

या निकालातला एक मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शाळेचा पैसा कसा खर्च व्हावा यावर माहितीने बोलू शकणारा वर्ग गावात कोणता असेल तर तो शिक्षकांचा, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणूनच त्यांना सूडाच्या भीतीशिवाय बोलता आलं पाहिजे. म्हणजे शिक्षक बोलतो तेव्हा लाभ एकट्या शिक्षकाचा नसतो. मत द्यायला जाणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याचा असतो, कारण आतली माहिती त्याला दुसरं कोण देणार?

## तराजूची दोन पारडी

पिकरिंग निकालाने न्यायाधीशांच्या हातात एक तराजू दिला. एका पारड्यात शिक्षकाचा, नागरिक म्हणून, सार्वजनिक विषयावर बोलण्याचा हक्क. दुसऱ्या पारड्यात शाळा सुरळीत चालवण्याची बोर्डाची गरज. ज्या मुख्याध्यापकाबरोबर रोज खांद्याला खांदा लावून काम करायचं, त्याच्यावर जाहीर आरोप केले आणि काम ठप्प झालं, तर दुसरं पारडं जड होतं. दूरच्या बोर्डाच्या अंदाजपत्रकावर टीका केली, तर पहिलं.

तराजूत घालण्याआधी बोलणं चाळणीतून जातं. 1983 मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या एका सरकारी वकील महिलेच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की बोलणं लोकांच्या हिताच्या विषयाचं हवं. केवळ स्वतःच्या बदलीचं किंवा साहेबाशी असलेल्या भांडणाचं असेल, तर राज्यघटना मध्ये पडणार नाही. ही चाळणी मला मूलतः रास्त वाटते, फक्त तिची भोकं फार बारीक होऊ शकतात. शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न वैयक्तिक की सार्वजनिक? तो विचारणारी शिक्षिका स्वतः पगार घेते म्हणून तो वैयक्तिक ठरला, तर अॅबव्हिलच्या बैठकीतला प्रश्नही वैयक्तिकच. पण पैसा जनतेचा आहे आणि वर्ग जनतेच्या मुलांचे आहेत.

## मग 2006 साल आलं

इथे गोष्ट उलटी फिरते, म्हणून इथे जरा थांबू.

लॉस एंजेलिसमध्ये रिचर्ड सेबॅयोस हे सरकारी वकील होते. पोलिसांनी झडतीचं वॉरंट मिळवताना शपथपत्रात चुकीची माहिती दिली आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहून खटला मागे घ्यावा असं सुचवलं. पुढे आपली बदली झाली, बढती नाकारली गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला: जे बोलणं नोकरीच्या कामाचाच भाग आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. ते टिपण सेबॅयोस यांनी नागरिक म्हणून लिहिलं नव्हतं, कर्मचारी म्हणून लिहिलं होतं. तराजू बाहेर काढायची वेळच येत नाही. पहिल्याच दारावर प्रकरण संपतं.

एखाद्या मोठ्या इमारतीचा रखवालदार घ्या. मागचं कुलूप मोडलं आहे आणि चावी सांभाळणारेच रात्री लोकांना आत सोडतात, हे त्याला दिसलं. त्याने ते आपल्या नोंदवहीत लिहून व्यवस्थापकाला दाखवलं, तर या नियमाने त्याला संरक्षण नाही, कारण नोंद करणं हे त्याचं काम. तेच त्याने सुट्टीच्या दिवशी वर्तमानपत्राला लिहिलं, तर संरक्षण मिळू शकतं. शहाणा माणूस आधी काय करेल? नोंदवहीच उघडेल. आणि कायदा नेमका तिथेच त्याची साथ सोडतो.

हा नियम शाळेत आला तेव्हा काय झालं ते न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात दिसतं. ब्रुकलिनमध्ये पाचवीच्या वर्गात एका मुलाने शिक्षकावर पुस्तकं फेकली. शिक्षकाने त्याला वरिष्ठांकडे पाठवलं, त्यांनी काहीच कारवाई न करता मुलाला परत वर्गात पाठवलं. पुन्हा तसंच घडलं. शिक्षकाने संघटनेमार्फत औपचारिक तक्रार दाखल केली. त्यानंतर आपल्याला त्रास देऊन शेवटी काढून टाकलं, असं त्याचं म्हणणं होतं. 2010 मध्ये संघीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ठरवलं की वर्गात शिस्त राखणं हे शिक्षकाचं काम, म्हणून त्यासाठी केलेली तक्रारही कामाचाच भाग. तिला घटनेचं संरक्षण नाही. वर्गातला तो प्रकार 1998 मधला होता. हे ऐकायला बारा वर्षं गेली.

1968 मध्ये न्यायालय म्हणालं, शिक्षकाला आतलं माहीत असतं म्हणून त्याचं बोलणं मौल्यवान. 2006 नंतर त्या आतल्या माहितीनेच त्याचा घात होतो. विषय शिक्षकाच्या कामाच्या जितका जवळ, तितकं संरक्षण कमी. परराष्ट्र धोरणावर तो निर्धास्त बोलू शकतो. स्वतःच्या वर्गाबद्दल वरिष्ठांशी बोलताना त्याने घाबरायचं. मला ही रचना चुकीची वाटते, मुलांसाठी तर धोकादायक.

2006 च्या निकालात अध्यापन आणि संशोधनातल्या बोलण्याचा प्रश्न न्यायालयाने उघडा ठेवला होता. पण शाळांबाबत अपील न्यायालयांनी तो बराचसा बंदच केला आहे. वर्गात काय शिकवायचं ते बोर्ड ठरवतं, शिक्षक नाही, असं ती म्हणतात.

## "पगार घेता आणि टीकाही करता?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. प्रत्येक शिक्षक आपल्याला हवं तेच शिकवू लागला, प्रत्येक सूचनेवर पत्रक काढू लागला, तर शाळा चालणार नाही. म्हणूनच तराजूला दुसरं पारडं आहे.

पण पगार बोर्डाच्या सदस्यांच्या खिशातून येत नाही, करदात्यांकडून येतो. सदस्य विश्वस्त आहेत. विश्वस्तांचा हिशेब विचारणाऱ्याला कृतघ्न म्हणता येत नाही. शिवाय जाहीर बैठकीत बाकी सगळ्या गावाला बोलू देऊन फक्त शिक्षकाला गप्प बसवता येत नाही, हे 1976 पासून ठरलेलं आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला संघटनेत नसलेला एक शिक्षक बोर्डाच्या खुल्या बैठकीत संघटनेच्या मागणीविरुद्ध बोलला. वाटाघाटी फक्त संघटनेनेच करायच्या असतात, म्हणून याला बोलू द्यायलाच नको होतं, असं राज्याच्या आयोगाने ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

## "आतल्या आत सांगायचं, चव्हाट्यावर कशाला?"

मिसिसिपीतल्या बेसी गिव्हन या शिक्षिकेने अगदी तेच केलं होतं. शाळेतल्या वांशिक भेदभावाबद्दल त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बोलल्या. वर्षअखेरीस त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. अपील न्यायालयाने म्हटलं, खाजगीत बोललात, मग भाषणस्वातंत्र्य कसलं? 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे खोडून काढलं: बंद दारामागे बोललं म्हणून हक्क संपत नाही.

2006 नंतर हाही निकाल शाबूत आहे, पण त्याची जागा आक्रसली आहे. मुख्याध्यापकांशी केलेलं बोलणं 'कामाचा भाग' ठरलं की संपलं. म्हणून आतल्या आत सांगा असा सल्ला देणाऱ्यांनी आधी आतलं दार सुरक्षित करायला हवं. नाहीतर कायदाच शिक्षकाला वर्तमानपत्राकडे ढकलतो, आणि मग त्याच्यावरच चव्हाट्यावर गेल्याचा ठपका येतो.

## "कामचुकार शिक्षक याची ढाल करतील"

करू शकतात, म्हणून त्याचंही उत्तर कायद्यात आहे. ओहायोतल्या माउंट हेल्दी इथल्या एका शिक्षकाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दलचं मुख्याध्यापकांचं परिपत्रक रेडिओ स्टेशनला कळवलं. त्याला काढलं गेलं. पण त्याआधी त्याची कँटीनच्या कर्मचाऱ्यांशी भांडणं झाली होती, त्याने मुलींकडे पाहून अश्लील हावभाव केले होते. 1977 मध्ये न्यायालयाने साधा प्रश्न ठरवून दिला: तो बोलला नसता तरी बोर्डाने त्याला काढलंच असतं का? तसं बोर्डाने सिद्ध केलं, तर बोर्ड सुटतं. बोलण्याने वाईट शिक्षक चांगला होत नाही. पण चांगल्या शिक्षकाला काढण्यासाठी जुन्या चुका उकरून काढायला हाच प्रश्न बोर्डालाही उपयोगी पडतो, हेही खरं.

## गप्प बसवल्याची किंमत कोण मोजतं?

जॉर्जियातल्या अटलांटामध्ये 2009 च्या परीक्षांमध्ये गुण अचानक उसळले. त्याच वर्षी तिथल्या शाळाप्रमुखांना देशातल्या सर्वोत्तम शाळाप्रमुखाचा सन्मान मिळाला. राज्याच्या तपास अधिकाऱ्यांनी 2011 मध्ये अहवाल दिला: 56 शाळा तपासल्या, 44 शाळांत गैरप्रकार, 178 शिक्षक आणि मुख्याध्यापकांचा सहभाग. मुलांच्या चुकीच्या उत्तरांच्या जागी बरोबर उत्तरं भरली गेली होती. अहवालात भीतीचं, धाकदपटशाचं आणि सूडाचं वातावरण असल्याचं नोंदवलं होतं. 2013 मध्ये 35 जणांवर आरोप ठेवले गेले, 2015 मध्ये 11 जण दोषी ठरले.

कागदावर पास झालेल्या त्या मुलांना वाचता येत नसेल, तर त्यांना मदत कोण देणार? मदतीची गरजच नाही, असं गुणपत्रिका सांगत होती. अशा ठिकाणी पहिल्याच वर्षी एखाद्या शिक्षकाला निर्भयपणे बोलता आलं असतं, तर कितीतरी वर्गांची वर्षं वाचली असती.

## घटनेपलीकडची छत्री

घटना कमी पडते तिथे इतर आधार आहेत. पहिला टेन्युअर, म्हणजे ठराविक वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी कायम नोकरी. मग कारण आणि सुनावणीशिवाय काढता येत नाही. शालेय शिक्षकांसाठी राज्यभर असा कायदा न्यूजर्सीने 1909 मध्ये पहिल्यांदा केला. नोकरी कायम नसली तरी हक्क शून्य होत नाही: टेक्सासमधल्या एका कॉलेज शिक्षकाच्या प्रकरणात 1972 मध्ये न्यायालयाने म्हटलं की करार वाढवायचं बंधन नसलं, तरी बोलण्याची शिक्षा म्हणून तो थांबवता येत नाही.

दुसरा आधार विशिष्ट कायद्यांचा. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक रॉडरिक जॅक्सन यांनी तक्रार केली की मुलींना मुलांइतका निधी आणि सोयी मिळत नाहीत. त्यांचं प्रशिक्षकपद गेलं. 2005 मध्ये न्यायालयाने ठरवलं की शाळांत लिंगभेदाला बंदी करणाऱ्या कायद्यातच अशा सूडाविरुद्धचा हक्क अंतर्भूत आहे. मुलींची बाजू मांडणाऱ्यालाच काढता आलं, तर तो कायदा पाळला जातोय की नाही हे सांगायला कोणी उरणार नाही.

2014 मध्ये आणखी एक खिडकी उघडली. अलाबामातल्याच एका कम्युनिटी कॉलेजमध्ये एडवर्ड लेन यांना आढळलं की राज्याच्या विधिमंडळातल्या एक सदस्य काम न करता पगार घेत आहेत. लेन यांनी त्या सदस्याला कामावरून काढलं आणि पुढे त्या सदस्यावरच्या खटल्यात शपथेवर साक्ष दिली. मग लेन यांचीच नोकरी गेली. न्यायालयाने एकमताने म्हटलं की शपथेवर दिलेली साक्ष हे नागरिकाचं बोलणं आहे, माहिती नोकरीत मिळालेली असली तरी. त्याशिवाय गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारे राज्यांचे कायदे आहेत. ते राज्यागणिक बदलतात.

खाजगी शाळेतल्या शिक्षकाला मात्र यातला घटनेचा भाग लागू नाही. घटना सरकारचे हात बांधते, खाजगी मालकाचे नाही.

## आणि फेसबुकवर?

घरी बसून, स्वतःच्या फोनवरून लिहिलेलं बोलणं नागरिकाचं. इथपर्यंत शिक्षकाची बाजू बळकट आहे. मग तराजू येतो, आणि पालक चिडले, फोन खणखणले, की बोर्ड म्हणतं शाळेचं काम अडलं. सप्टेंबर 2025 मध्ये उजव्या विचारांचे राजकीय कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर केलेल्या पोस्टवरून अनेक राज्यांत शिक्षकांना निलंबित केलं गेलं किंवा काढलं गेलं, आणि काही जण कोर्टात गेले. अशा वेळी खरा पेच असा: गोंधळ पोस्टने झाला की पोस्टविरुद्ध चालवलेल्या मोहिमेने? बाहेरचा जमाव जितका मोठा तितकं बोर्डाचं पारडं जड, असं धरलं, तर शिक्षकाचा हक्क सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांच्या हातात जातो.

## अॅबव्हिलकडे परत

आता त्या शिक्षिकेचं बोलणं चाळणीतून घालून पाहा. बैठक खुली. वेळ शाळा सुटल्यानंतरची. विषय करदात्यांच्या पैशाचा. शाळाप्रमुखाला किती पगार द्यावा हे तपासणं तिच्या कामाचा भाग नव्हता. कायद्याने शिक्षकासाठी जी सगळ्यात सुरक्षित जागा ठेवली आहे, तिथेच ती उभी होती. ब्रुकलिनच्या त्या शिक्षकाने नियमाप्रमाणे तक्रारअर्ज भरला होता, आणि त्याच्यासाठी तशी जागाच नव्हती.